मंगळवारी वाट चुकणारे

म्हातारे गृहस्थ कपाटाशी बोलत होते. टोपी छातीशी धरून, मान जराशी झुकवून, अगदी अदबीने.

"डावा जास्त त्रास देतो, डॉक्टर. उजव्याचं काही म्हणणं नाही."

कपाटाने उत्तर दिलं नाही. गृहस्थांनी थोडी वाट पाहिली आणि मग आपणच समजूतदारपणा दाखवत म्हणाले, "तुमचं हातातलं होऊ द्या. मला घाई नाही."

कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा न्यायला कोठारात आलेली शूताई दारातच थबकली. तिने हलक्या हाताने त्यांचं कोपर धरलं.

"बाबा, हे कोठार आहे. डॉक्टर पलीकडच्या बाजूला बसतात."

"मग हे कोण?"

"कपाट."

"तरीच," गृहस्थ म्हणाले. "इतकं शांतपणे कोणी ऐकून घेत नाही."

शूताईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तिने त्यांना तपासणीच्या दारापाशी नेऊन बाकावर बसवलं आणि परत येताना वळणावर उभी राहून ती विचार करू लागली. सकाळी एक बाई अशाच कोठारात शिरून बादलीवर बसल्या होत्या. त्याआधी एक मास्तर झाडूंच्या रांगेत आपला नंबर लावून उभे होते. आज मंगळवार. गेल्या मंगळवारीही असंच झालं होतं, आणि त्याच्या आधल्याही. बुधवारी कोणी चुकत नाही, शनिवारच्या तुफान गर्दीतही नाही. मग मंगळवारानेच काय घोडं मारलं होतं?

दवाखाना डोळ्यांचा होता. पुढे नोंदणीची खिडकी, तिथे शूताई. मग थेंबांची खोली. डोळ्याचा पडदा तपासायचा तर आधी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, आणि मग काही तास नजर धूसर होते. थेंब मुरले की रोग्याने लांबलचक बोळातून जायचं, बोळाच्या टोकाला उजवीकडे वळायचं, की आलं तपासणीचं दार. डावीकडे वळलं तर कोठार. चुकायला जागाच नव्हती. जमिनीवर थेट दारापर्यंत पिवळा पट्टा ओढलेला, भिंतीवर हातभर अक्षरांत पाट्या, पाट्यांवर बाण. ते सगळं शूताईनेच पाठपुरावा करून लावून घेतलं होतं.

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. कोणी जरा आवाज चढवला की तिचं बोट ओठांवर जायचं आणि तोंडातून "शू" निघायचं. त्यामुळे रोग्यांपासून रखवालदारापर्यंत सगळे तिला पाठीमागे शूताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. त्यात तिला फारसं वावगंही वाटत नसे, कारण तिच्या मते दवाखाना म्हणजे काही बाजार नव्हे. ती स्वतः इतकं हळू बोलायची, की खिडकीपलीकडचा माणूस कान पुढे करून करून शेवटी अर्धा आत यायचा.

आणि या दवाखान्यात तिच्या जिवाला घोर लावणारी एकच गोष्ट होती. तिला सगळे भोंगा म्हणत.

भोंगाबाई बसायच्या बोळाच्या टोकाला, वळणाच्या उजव्या अंगाला, चष्मादुरुस्तीच्या काउंटरवर. सैल दांड्या आवळायच्या, निसटलेल्या काचा बसवायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या. कामाबद्दल त्यांना कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. पण तोंड? हातात चष्मा आणि तोंडात नणंद, असा त्यांचा दिवस जायचा. नणंदेने काय आणलं, दिराने काय मोडलं, धाकट्या जावेने सासूबाईंना काय ऐकवलं, पुतण्याने मामाच्या लग्नात कसं तोंड फुगवलं. समोर गिऱ्हाईक असो नसो, बाईंचा आवाज बोळाच्या या टोकापर्यंत खणखणीत पोचायचा. महिन्याने परत आलेले रोगी नोंदणीच्या खिडकीत चौकशी करत, "नणंदबाईंचं मिटलं का हो शेवटी?" शूताईचे कान किटले होते. त्या घरातल्या माणसांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या खोड्या तिला स्वतःच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ झाल्या होत्या.

मोठ्या बाई, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर, यांनी अलीकडे सगळ्यांना बोलावून एक नवाच पायंडा पाडला होता. आपलं काम कुठे अडतं ते ज्याचं त्याने शोधावं, आणि ज्याला अडचण दिसली त्यानेच ती सोडवायची जबाबदारी घ्यावी. वरून हुकूम येईल म्हणून वाट पाहत बसायचं नाही. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शूताईने मात्र दुसऱ्याच दिवशी सूचना मांडली, की बोळात शांतता हवी. चष्मादुरुस्ती फाटकाजवळच्या रिकाम्या खोलीत हलवावी.

सूचना मंजूर झाली. तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. इतकंच नव्हे, तर रोग्यांच्या ये-जा करण्याची सगळी व्यवस्था आता तिनेच बघावी आणि त्यासाठी तिला काचेची छोटी केबिन मिळावी, असंही मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं. दार लावलं की बाहेरचा चकार शब्द आत येणार नाही अशी केबिन. सुतार पुढच्या आठवड्यात शनिवारी यायचा होता, आणि काउंटरही त्याच दिवशी हलायचं होतं. शूताई जाता-येता त्या रिकाम्या जागेकडे नजर टाकायची आणि टेबल कुठल्या भिंतीला लावायचं ते मनात ठरवून पुन्हा बदलायची.

भोंगाबाईंना बातमी कळली तेव्हा त्या आकांडतांडव करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हलवा की! नणंदेला फाटकाशीच गाठता येईल!" आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की थेंबांच्या खोलीतला एक रोगी दचकला आणि थेंब गालावर पडला.

तर सगळं असं मनासारखं होत असताना हे मंगळवारचं कोडं चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. मंगळवारी भोंगाबाईंची सुट्टी असायची. बोळात कशी निवांत शांतता. शूताईचा तो आठवड्यातला सर्वांत आवडता दिवस. आणि नेमके त्याच दिवशी लोक कपाटाशी बोलत होते.

तिने चौकशी आरंभली. थेंब घालणाऱ्याला सगळे थेंबेमास्तर म्हणत. त्याला तिने गाठलं.

"मंगळवारी थेंब वेगळे असतात का?"

"थेंब तेच, बाटली तीच, हात तोच," थेंबेमास्तर म्हणाला. "मंगळवारी काय मी गुलाबपाणी घालतो?"

फरशी पुसायची वेळ तिने तपासून पाहिली. रोजचीच होती. मंगळवारच्या डॉक्टरांची खुर्ची, मंगळवारी येणारी बाहेरगावची माणसं, सगळं धुंडाळलं. कुठे काही धागा लागेना. शेवटी बादलीवर बसलेल्या त्या बाई चष्मा न्यायला आल्या तेव्हा तिने त्यांनाच विचारलं.

"तुम्ही डावीकडे का वळलात?"

बाईंनी आठवून पाहिलं. "मला कुठे वळायचंय तेच कळेना. मग जिकडे डोळ्यांना बरं वाटलं तिकडे गेले."

हे उत्तर शूताईने दिवसभर डोक्यात घोळवलं. पाट्या आपण लावल्या, पट्टा आपण ओढून घेतला, पण थेंब घालून त्या बोळातून आपण कधी चाललो आहोत का? दवाखान्यातलं कोणीच कधी चाललं नव्हतं. या साध्या गोष्टीचं तिला इतकं नवल वाटलं, की पुढच्या मंगळवारी रोगी संपत आल्यावर ती थेंबेमास्तरासमोर जाऊन बसली आणि मान वर केली.

"काय होतंय?" त्याने घाबरून विचारलं.

"काही होत नाही. घाला."

थेंब झोंबले. मग डोळे मिटून बाकावर बसणं. मग नाव पुकारल्यासारखं स्वतःच उठून चालू लागणं. आधी तिला मजा वाटली. भिंतीवरच्या पाट्या आहेत हे ठाऊक होतं म्हणून त्या दिसल्यासारख्या वाटल्या, एवढंच. अक्षरांचा पिठाळ धुरळा झाला होता. आणि बोळाच्या टोकाशी पोचताच कोणीतरी तोंडावर दिवा धरावा तसं झालं. वळणावर उजव्या अंगाला ती भली मोठी खिडकी होती, जिच्या प्रकाशाचं आजवर सगळ्यांना कौतुक होतं. तिच्याकडे बघवेना. पिवळा पट्टा त्या उजेडात पुसून गेला होता. डावीकडे मात्र कसा गारसा, शांत काळोख होता. शूताईला बोळाची फरशी न् फरशी पाठ होती. तरी तिचे पाय आपसूक काळोखाकडे वळले, हात पुढे झाले आणि बोटांना थंड पत्रा लागला. कपाट. तिने कपाटाला तक्रार सांगितली नाही एवढंच.

ज्यांची नजर धूसर होणार हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी आपण हातभर अक्षरांत पाट्या लिहिल्या. कपाटाला टेकून ती एकटीच हसली, आणि हसता हसता ओशाळली.

पण कोडं अर्धंच सुटलं होतं. खिडकी तर रोजच असते. मग इतर दिवशी लोक त्या उजेडात शिरतात कसे?

बुधवारी ती पुन्हा थेंबेमास्तरासमोर जाऊन बसली.

"ताई, डोळे म्हणजे काय कुंड्या आहेत, रोज पाणी घालायला?"

"आजच्या दिवस. मला चैन पडणार नाही."

"पण दिवसभर काम कसं करणार?"

"नाही करणार," शूताई म्हणाली. आपण असं म्हणालो याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

बोळ तोच, पांढरा भगभगीत उजेड तोच. पण पाच-सहा पावलं टाकली नाहीत तोच उजेडाच्या आतून आवाज आला. "…आणि नणंद म्हणते कशी, वहिनी, हे पातेलं माझ्या आईचं! मी म्हटलं, आईचं असेल, बूड मी बसवून आणलंय! बुडावर कोण हक्क सांगणार?" शूताईचे पाय उजवीकडे वळले. तिने वळवले नव्हते. पातेल्याचं पुढे काय झालं, ते ऐकायला ते आपले आपण निघाले होते. डोळे मिटून, न अडखळता, ती तपासणीच्या दारापर्यंत गेली आणि बाकावर बसली. आपण शनिवारी काय हलवणार आहोत, ते तिला आता कळलं होतं.

ती तिथेच बसून राहिली. डोळे निकामी, हातात काम नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ती भोंगाबाईंना नुसती ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिच्या कानांना काहीतरी वेगळंच जाणवलं. आवाज थांबला होता. तिला वाटलं, बाई चहाला गेल्या. पण छोट्या पेचकसाची किरकिर चालू होती. बाई जागेवरच होत्या, आणि गप्प होत्या. चांगला बराच वेळ. मग बोळाच्या दुसऱ्या टोकाला चाचपडत्या पावलांची फरफर ऐकू आली, आणि नणंद एकदम मधल्याच वाक्यापासून पुन्हा सुरू झाली. पावलं जवळ आली, दारातून आत गेली. नणंद वाक्य अर्धवट टाकून बंद. पुन्हा पेचकसाची किरकिर. पुन्हा पावलं, पुन्हा नणंद.

शूताई संध्याकाळपर्यंत त्या बाकावरून हलली नाही.

दवाखाना मिटायची वेळ झाली तेव्हा तिची नजर अजून ठिकाणावर नव्हती. ती फाटकाशी भिंत धरून उभी राहिली. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत सुया टोचाव्यात तसे टोचत होते. तेवढ्यात कोणीतरी तिच्या कोपराला धरलं.

"चला. माझी खोली जवळ आहे. डोळे निवले की जा."

आवाज अगदी कानाशी होता आणि तरी तिला नीट ऐकू आला नाही.

"कोण?"

"मीच. पुढे पायरी आहे."

"काय म्हणालात?"

"पायरी," भोंगाबाई म्हणाल्या. पण इतक्या हळू, की शूताईला मान त्यांच्याकडे झुकवावी लागली. संबंध रस्ताभर त्या तशाच बोलत होत्या. खड्डा आहे, सायकल येतेय, थांबा. लहान मूल झोपलेलं असताना घरात बोलतात तितपत.

खोली एकच होती. शूताईला वस्तू दिसल्या नाहीत, पण खोली किती रिकामी आहे ते पावलांच्या आवाजावरून कळलं. दार उघडताना आतून कोणी विचारलं नाही, कोण आलं म्हणून. बाईंनी चहा ठेवला आणि मग जराशा घुटमळल्या. "आलेच हं," म्हणून शेजारी गेल्या आणि दुसरा कप मागून घेऊन आल्या.

शूताईने दोन्ही हातांत कप धरला. विचारू की नको असं करत शेवटी तिने विचारलं, "घरातली माणसं?"

"कुठली?"

"नणंदबाई. दीर. सासूबाई."

भोंगाबाई हसल्या. हसणंसुद्धा हळू होतं.

"अहो ताई, लग्न झालं असतं तर नणंद येणार. आई होती, ती गेली. आता मी आणि हा स्टोव्ह."

जिच्या पातेल्यामागे आज ती आंधळ्यासारखी चालत गेली, ती नणंद जन्मालाच आली नव्हती.

"मग हे सगळं?"

"आधी मी नुसतं 'इकडे, इकडे' म्हणायचे. तर माणसं चिडायची. आम्ही काय आंधळे आहोत का, म्हणून माझ्याच अंगावर यायची. रेडिओ लावून बघितला, तर दोघं-तिघं रेडिओसमोर रांग करून उभे राहिले. खिडकीला पडदा शिवून लावला, तो धुवायला गेला आणि परत आलाच नाही. मग एकदा फोनवर कुणाशी तरी भांडत होते. वर बघितलं तर सगळी माणसं सुरळीत माझ्या बाजूला!" बाईंनी चहाचा घोट घेतला. "हाक मारली तर माणूस बुजतो. पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण कानावर पडलं, की पाय कसे आपोआप वळतात."

"तुमच्या घरातलं खरं सांगायचं होतं."

"खरं दहा मिनिटांत संपलं असतं."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. शूताईला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, या बाईशी आपण इतकी वर्षं एक शब्द धड बोललो नाही याची लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंत? निदान मोठ्या बाईंना?"

"काय सांगू? मला दिवसभर ओरडायची परवानगी द्या?" बाई पुन्हा हसल्या. "कोणी म्हणालं नव्हतं कर म्हणून. माणसं कोठारात जाताना मला दिसत होती, तुम्हाला दिसत नव्हती, एवढंच. आणि मला भोंगा म्हणतात ते ठाऊक आहे हो मला. तुम्हाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"आहे," शूताई म्हणाली, आणि दोघी एकदमच हसल्या.

"मी उद्याच सांगते मोठ्या बाईंना. काउंटर हलवायचं नाही म्हणून."

भोंगाबाईंनी शेवटचा घोट घेतला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, हलवू द्या. घशाच्या डॉक्टरांनी मला कधीचं सांगितलंय, बोलणं कमी करा. मंगळवारी मी अख्खा दिवस तोंड उघडत नाही, तेव्हा कुठे बुधवारी आवाज फुटतो. तुमची सूचना आली तेव्हा मला वाटलं, सुटले. फाटकापाशी ऊन येतं. निवांत बसून काचा बसवीन." त्यांनी कप जरा बाजूला सरकवला. "फक्त रात्री पडल्या पडल्या एवढंच मनात येतं, की मग ती माणसं जातील कुठे."

आता शूताईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. थेंबांचं असेल असं दोघीही धरून चालल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. शूताईने आधी खिडकीचं सांगितलं. तिथे जाड पडदा हवा आणि भिंतीला धरून चालायला कठडा हवा. मोठ्या बाईंनी लगेच मान हलवली. पडदा उद्या लागेल, कठड्याची मंजुरी वरून येईल तेव्हा येईल. मग शूताईने आवाजाचं सांगितलं. नणंद नाही हे तिने सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. फक्त एवढंच म्हणाली, की लोक पाट्यांमुळे नाही, आवाजामुळे पोचतात, पडदा लागला तरी वळण कळायला आवाज लागेलच, आणि हे बाईंना ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं.

"म्हणजे तुमचीच सूचना तुम्ही मागे घेताय?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं.

"नाही. काउंटर हलवाच. त्यांच्या घशाला आराम हवाय." शूताई म्हणाली. "त्या जागी माझं टेबल मांडा. नोंदणीला नवी मुलगी येणारच आहे. व्यवस्था मी बघायची ना, मग मी तिथूनच बघेन."

"आणि काचेची केबिन?"

शूताईच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं, जे तिने मनातल्या मनात चारही भिंतींना लावून पाहिलं होतं. तिला ती केबिन हवी होती. अजूनही हवी होती.

"केबिनमधला आवाज बाहेर येत नाही," ती म्हणाली.

थेंबेमास्तराने घसा खाकरला. "रागावू नका ताई, पण आत्ता तुम्ही काय म्हणालात तेसुद्धा मला इथे नीट ऐकू आलं नाही."

सगळे हसले. शूताईही हसली.

शनिवारी सुताराने काम उरकलं. सोमवारी सकाळी भोंगाबाई पेचकसांची पेटी काखेत मारून फाटकाजवळच्या खोलीत गेल्या आणि उन्हाकडे पाठ करून बसल्या. खिडकीवर जाड पडदा आला होता. वळणावर उजव्या अंगाला शूताईचं टेबल लागलं होतं. तिने कागद सरळ केले, पेनं रांगेने लावली, ती पुन्हा उचलून दुसरीकडे लावली. बोळ शांत होता. तिला हवा होता तसाच अगदी.

बोळाच्या त्या टोकाला पावलं फरफरली.

एक वयस्कर बाई येत होत्या. एक हात भिंतीला, दुसरा पुढे केलेला. पडद्यामुळे डोळे दिपत नव्हते, पण आता दोन्हीकडे सारखाच काळोख झाला होता. वळणाशी येऊन त्या थांबल्या. चेहरा आधी उजवीकडे झाला, मग डावीकडे.

"इकडे या," शूताई म्हणाली.

बाईंचे खांदे ताठ झाले. "येतेय, येतेय. दिसतंय मला," त्या फणकारल्या आणि त्यांनी डावीकडे पाऊल टाकलं.

नणंद. नणंदेचं काहीतरी सांगायला हवं. शूताईने तोंड उघडलं, पण त्या घरात तिला शिरता येईना. ते दुसऱ्या कुणीतरी जमवलेलं घर होतं. बाईंनी आणखी एक पाऊल टाकलं. शूताई उठून उभी राहिली. आणि मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो तिने स्वतः कधी ऐकला नव्हता. चिरका, कापरा, पण बोळाच्या टोकापर्यंत जाणारा.

"आमचे वडील मला रोज एकच प्रश्न विचारतात! दार लावलंस का? बस! आई गेल्यापासून आमच्या घरात दुसरं वाक्य नाही!"

थेंबांच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. बोळात वाट पाहत बसलेल्या रोग्यांच्या माना वर झाल्या. बाई जागच्या जागी थांबल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू आवाजाकडे फिरला.

"आणि लावलेलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"रोज!" शूताई म्हणाली. "रोज लावलेलं असतं हो! पण त्यांना विचारायला दुसरं काही सुचत नाही, आणि मला सांगायला!"

"अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरचा हात सोडून तिच्या दिशेने चालू लागल्या. "मग? तू काय म्हणतेस त्यांना?"